गन फुसफुसते, पण माल ओढत नाही: ब्लास्टिंग कॅबिनेटची ओढ परत कशी आणायची

श्रावणातली गोष्ट. पंचवटीतल्या एका देवळाच्या पितळी घंटा आणि दोन समया आमच्या नाशिकमधल्या अंबडच्या शेडवर साफ करायला आल्या होत्या. वर्षानुवर्षांचं तेल आणि काजळी, चिंच-लिंबाने निघण्यापलीकडची. गरम सोड्याच्या पाण्यात चिकटा उतरवला, वाळवल्या, ब्लास्टिंग कॅबिनेटमध्ये, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक दाणे मारून वस्तू साफ करायच्या बंद पेटीत, ठेवल्या, पायाखालचं पेडल दाबलं, तर गनमधून नुसती हवा. मधेच एकदा खोकल्यासारखा मूठभर ग्लास बीडचा (काचेच्या बारीक गोळ्यांचा) झोत आला, की पुन्हा शिट्टी.

मी तेव्हा जे केलं ते तुम्ही करू नका. आधी नवी नोझल आणली. फरक नाही. मग जेट बदललं. फरक नाही. मग कॉम्प्रेसर लहान पडतोय असं ठरवून मोठ्याची चौकशी सुरू केली. चौथ्या दिवशी आमचे जुने टर्नर आप्पा सहज आत डोकावले, माल, म्हणजे हेच दाणे, ओढणारा रबरी पाइप हातात घेतला आणि क्लिपखाली बोटाचं नख घालून म्हणाले, "हे काय फाटलंय?" जेमतेम पाऊण इंचाची चीर. पाइपाचं टोक कापून क्लिप नव्याने बसवली, दोन मिनिटांत घंटा चमकायला लागल्या. तेव्हापासून मी एक क्रम पाळतो, तोच इथे लिहितोय. बिघाड आधी दोन तुकड्यांत तोडायचा, कोणत्या तुकड्यात आहे ते कळेपर्यंत खिशात हात घालायचा नाही.

आधी कोणती ओढ म्हणताय ते ठरवा

कॅबिनेटला दोन ठिकाणी ओढ असते आणि वर्कशॉपमध्ये दोन्हीला 'सक्शन'च म्हणतात. एक गनची, जी खालच्या हॉपरमधून (माल साठतो त्या नरसाळ्यासारख्या भागातून) माल वर उचलते. दुसरी धूळ ओढणाऱ्या ब्लोअरची, जी आतला धुरळा फिल्टरकडे नेते. पहिली गेली तर हवा येते पण माल येत नाही. दुसरी गेली तर माल नीट येतो, पण दोन मिनिटांत काचेतून समोरचा हातसुद्धा दिसत नाही. फोनवर 'सक्शन गेलं' ऐकलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: काम दिसतंय का? दिसतंय आणि कटिंग होत नाही, तर गन. दिसतच नाही, तर ब्लोअर. त्याच्याकडे शेवटी येतो.

हे सगळं सक्शन कॅबिनेटबद्दल आहे, म्हणजे जिथे गनला दोन पाइप येतात, एक हवेचा, एक मालाचा. प्रेशर पॉट असेल, म्हणजे बंद टाकीतून हवा आणि माल एकाच पाइपाने येत असेल, तर त्याचे आजार वेगळे.

गन ओढते कशी

गनच्या पोटात मागच्या बाजूला एक बारीक भोक असलेलं जेट असतं आणि पुढे त्याहून मोठ्या भोकाची नोझल. जेटमधून हवा प्रचंड वेगाने सुटते, आजूबाजूची हवा आपल्याबरोबर खेचत नोझलमधून बाहेर पडते, आणि मधल्या पोकळीत दाब कमी होतो. त्या पोकळीला मालाचा पाइप जोडलेला असतो. इटलीच्या व्हेंच्युरीने १७९७ मध्ये अरुंद वाटेतून जाणाऱ्या प्रवाहाबद्दल जे मांडलं, त्याच तत्त्वावर हे चालतं. जुन्या बाइकचा कार्ब्युरेटर पेट्रोल ओढतो तोही असाच.

यातून दोन गोष्टी निघतात. ओढ निर्माण करणारी हवा आहे, त्यामुळे जेटपाशी हवा कमी पडली की ओढ कमी. आणि ती ओढ मालापर्यंत पोचायला वाट सलग हवी. वाटेत कुठे भोक असेल तर गन माल कशाला उचलेल? तिथूनच हवा पिऊन गप्प बसेल, कारण हवा ओढणं सोपं.

हाताच्या तळव्याची चाचणी

हवा बंद करा, पेडल दाबून पाइपातला दाब मोकळा करा, मग गनच्या मागचा मालाचा पाइप सोडवा. गनला चिकटलेले दाणे झटका. गॉगल घाला. दार बंद करून हात कॅबिनेटच्या हातमोज्यांत घाला, नोझलचं तोंड स्वतःपासून लांब धरा, आणि हवा सोडल्यावर मालाच्या मोकळ्या नळीवर हातमोज्याचा तळवा ठेवा.

तळवा चिकटला, सोडवताना 'पच्' असा झटका बसला, तर गन ठणठणीत आहे. दोष पाइप, हॉपर किंवा मालात. तळवा नुसता गुदगुल्या झाल्यासारखा ओढला गेला, तर दोष गनमध्ये किंवा हवेत. आणि त्या नळीतून उलट हवा बाहेर येत असेल, तर नोझल तुंबलीय, किंवा जेटच्या मानाने नोझल लहान बसवलीय, किंवा जेट खूप मागे सरकलंय.

तळव्यावर भरवसा नसेल तर फ्रिज-एसीवाल्या मेकॅनिककडचं कंपाउंड गेज तासभर मागून आणा. त्याला शून्याच्या खाली पाऱ्याच्या इंचात व्हॅक्यूम दाखवणारा भाग असतो. रबराच्या नळीने ते त्याच जागी लावा. गन चांगली असतानाचा आकडा लिहून ठेवला असेल तर पुढच्या वेळी निम्मं काम झालेलं असतं. दुसऱ्याच्या गनचा आकडा आपल्याला उपयोगी नाही.

गन ओढत नसेल तर: हवेपासून सुरुवात

कॉम्प्रेसरच्या टाकीवरचा काटा ७ बार दाखवतो म्हणून लोक हवा बरोबर आहे असं धरून चालतात. तो काटा बंद नळाचा दाब सांगतो. आपल्याला हवा तो पेडल दाबलेलं असताना, गनच्या अगदी अलीकडे मोजलेला दाब. एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि एक साधं गेज कॅबिनेटच्या हवेच्या इनलेटला कायमचं लावून टाका. पेडल सोडलेलं असताना ६ आणि दाबल्यावर ३ वर येत असेल, तर गनला दोष देऊ नका.

दाब कुठे कमी होतो? बहुतेक वेळा स्वस्तातल्या कपलिंगमध्ये. टायरमध्ये हवा भरायचा पाव इंची पाइप आणि त्याची बारीक क्विक कपलिंग कॅबिनेटला लावलेली मी कितीतरी ठिकाणी पाहिलीय. अर्धा इंची पाइप लावा, लांबी जितकी कमी तितकी बरी. मग फिल्टरचा एलिमेंट बघा, तो तेलाने काळा होऊन बुजलेला असतो. मग रेग्युलेटर. मग पेडलचा व्हॉल्व्ह: पायाखालची धूळ त्यात शिरते आणि तो अर्धाच उघडतो. पेडलला वळसा घालून थेट हवा जोडून पाहिली की हे एका मिनिटात कळतं.

सगळं ठीक असूनही दाब हळूहळू उतरत जात असेल, म्हणजे पहिला अर्धा मिनिट झकास आणि मग ढेपाळतं, तर हवेचा हिशोबच जमत नाहीये. ३ मिमी जेट ५.५ बारवर साधारण १८ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा खातं. ४ मिमीचं जेट ३३ च्या आसपास. भोक एकच मिलिमीटर वाढलं, खर्च जवळपास पावणेदोनपट. पाच एचपीच्या पिस्टन कॉम्प्रेसरकडून प्रत्यक्षात १६ ते १८ सीएफएमच्या आसपास मिळतात. पाटीवरचा आकडा बऱ्याचदा पिस्टनच्या विस्थापनाचा असतो, तो मोठा दिसतो. म्हणजे पाच एचपीवर ३ मिमी जेट कसंबसं चालेल, ४ मिमी चालणार नाही. अशा वेळी मोठी गन घेण्यापेक्षा लहान जेट घालणं शहाणपणाचं. काम सावकाश होईल, पण होईल.

जेट झिजतं तेव्हाही हेच घडतं. ३ चं ३.५ झालं की हवेचा खर्च ३६ टक्के वाढला.

मग जेट आणि नोझल

साधारण नियम असा: नोझलचं भोक जेटच्या दुप्पट. ३ मिमी जेटला ६ ची नोझल, ४ ला ८ ची. नोझल झिजून मोठी होते तशी हवेची धार तिचं भोक पूर्ण भरत नाही आणि बाहेरची हवा नोझलच्या कडेने आत घुसते. ओढ कमी होते ती तिथे.

मापायला व्हर्नियर नको, ड्रिलची मागची गुळगुळीत दांडी घ्या. आमच्याकडे ६ च्या नोझलमध्ये ७ मिमीची दांडी सहज गेली की नोझल कचऱ्यात. काही जण ७.५ पर्यंत ओढतात; माझ्या मते तोवर कॉम्प्रेसर जादा चालून वाया गेलेली वीज नोझलच्या किमतीपेक्षा जास्त होते. सिरॅमिकची नोझल स्वस्त पण लवकर जाते, विशेषतः ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरत असाल तर. बोरॉन कार्बाइडची कित्येक पट महाग, कित्येक पट टिकाऊ. रोज चालणाऱ्या कॅबिनेटला तीच परवडते. अधूनमधून नोझल पाव फेरा फिरवत राहा, म्हणजे एकाच अंगाने खात नाही.

जेट काढून उजेडाकडे धरा. भोक गोल आहे की लंबगोल? बाहेरून, माल येतो त्या बाजूला, खाच पडलीय का? माल आदळून जेटची एक बाजू चाकूने तासल्यासारखी होते. असं जेट हवा वाकडी फेकतं, नोझलचीही एकच भिंत खातं, आणि मग तुम्ही नवी नोझल घातली तरी महिनाभरात परत तेच.

आता जागा. बऱ्याच गनांत जेट आट्यांवर पुढे-मागे होतं आणि मागे लॉकनट असतो. मालाच्या नळीतून आत डोकावलं तर जेटचं टोक त्या भोकाच्या थोडं पुढे गेलेलं दिसलं पाहिजे. टोक भोकाच्या मागे राहिलं तर हवा नळीतून उलटी फुंकते. फार पुढे नोझलमध्ये घुसलं तर मालाला वाटच उरत नाही. अर्धा फेरा फिरवा, तळवा लावा, पुन्हा अर्धा फेरा. जिथे ओढ सर्वांत जास्त तिथे लॉकनट आवळा आणि मार्करने रेघ मारा. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि कोणीच करत नाही.

नोझल उलटी बसवली नाही ना, तिचं रबरी वायसर जागेवर आहे ना, हेही बघा. हसू नका. माझ्याकडून झालंय.

गन ओढते, तरी माल येत नाही

पाइप परत जोडायच्या आधी दोन्ही टोकं हातात घेऊन वाकवून पाहा. आतून झिजून पाइप एखाद्या वळणावर कागदासारखा पातळ झालेला असतो, ओढ लागली की तिथेच तो चपटा होतो आणि वाट बंद. बाहेरून अगदी धडधाकट दिसतो. भोक शोधायचं तर पाइप दोन्हीकडे जोडा, दाब १ बारपर्यंत खाली आणा, नोझलच्या तोंडावर जाड रबराचा तुकडा दाबून धरा आणि दुसऱ्या कोणाला तरी पाइपावर साबणाचं पाणी फिरवायला सांगा. हवा उलटी पाइपातून हॉपरकडे जाते, भोकावर बुडबुडे येतात. याच युक्तीने अडकलेला गोळाही मागे ढकलला जातो. बोट मात्र नोझलवर कधीच ठेवायचं नाही. दाबाखालची हवा आणि दाणा कातडीत घुसतो.

पाइप तोकडा आणि सरळ ठेवा. खाली लोंबणारा झोल असेल तर पेडल सोडल्यावर सगळा माल त्या झोलात जमतो आणि पुढच्या वेळी गन खोकते.

हॉपरच्या तळाशी जी उचलनळी असते तिच्याबद्दल एक गैरसमज आहे: ती मालात जितकी खोल तितकी चांगली. उलट. नळीला मालाबरोबर थोडी हवाही लागते, त्या हवेवर तरंगत दाणे वर जातात. म्हणून नळीला बाजूला भोक किंवा फिरवायची चकती असते, किंवा तिचं मागचं टोक उघडं असतं. हॉपर गळ्यापर्यंत भरलात आणि ते भोक गाडलं गेलं की गनला फक्त माल मिळतो, हवा नाही, आणि वाट गच्च होते. चाचणी सोपी: गन चालू असताना कोणाला तरी नळी इंच-दोन इंच वर ओढायला सांगा. माल धो-धो सुटला तर हवाच कमी होती. भोक साफ करा, हॉपरमधला थोडा माल काढा.

बरोबर जमलंय हे कानाला कळतं. एकटी हवा शिट्टी मारते. माल आला की आवाज खाली उतरतो, जाड होतो, एकसारखा राहतो. आवाज वर-खाली होत असेल तर माल जास्त, हवा कमी. चकती थोडी उघडा.

नळीच्या तोंडाशी काय अडकलंय तेही हाताने चाचपा. आमच्याकडे सर्वांत जास्त सापडतात ते मास्किंग टेपचे तुकडे आणि पावडर कोटिंगचे पापुद्रे. हॉपरवर जाळी असतेच, पण ती कोणीतरी 'माल लवकर खाली पडत नाही' म्हणून काढून ठेवलेली असते.

नाशिकचा पाऊस आणि ओला माल

जून ते सप्टेंबर या भागातली निम्मी कॅबिनेटं याच एका कारणाने आजारी पडतात असं माझं मत आहे. हॉपरमधला मूठभर माल घ्या, आवळा, मूठ उघडा. सुटा होऊन पडला तर ठीक. लाडू राहिला तर ओला.

पाणी येतं हवेतून. हिशोब करून बघा. श्रावणात २८ अंश आणि ८५ टक्के दमटपणा धरला तर एका घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. १८ सीएफएमचा कॉम्प्रेसर तासाला तीस घनमीटर हवा ओढतो, म्हणजे जवळपास ७०० ग्रॅम पाणी. ती हवा ७ बारपर्यंत दाबून पुन्हा थंड झाली की त्यातलं अर्ध्या लिटरहून जास्त पाणी सुटतं. तासाला. टाकीचा खालचा कॉक सकाळी एकदा उघडून भागणार कसं? पावसाळ्यात आम्ही दर दोन तासांनी उघडतो. चहाच्या रंगाचं पाणी येतं. त्यावर तेलाचा तवंग असेल तर कॉम्प्रेसरच्या पिस्टनच्या रिंग गेल्यात, आणि तेलकट झालेला माल वाळवूनही सुधारत नाही, तो टाकायचाच.

पाणी वेगळं करणारा सेपरेटर कॉम्प्रेसरला चिकटून लावू नका. तिथे हवा गरम असते, पाणी वाफेच्या रूपात सरळ निघून जातं आणि पुढे कॅबिनेटपाशी थंड होऊन सुटतं. तो कॅबिनेटजवळ लावा, हवा थंड झाल्यावर. मधल्या लोखंडी लाइनला उतार द्या, आणि फाटा पाइपाच्या पाठीवरून घ्या, पोटातून नको.

ओला माल वाळवायला ऊन मिळालं तर ताडपत्रीवर पसरा. नाशिकच्या जुलैत ते मिळत नाही, म्हणून आम्ही संध्याकाळी पावडर कोटिंगची भट्टी बंद केल्यावर उरलेल्या उष्णतेत पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवतो. दुसऱ्या दिवशी पूर्ण गार झाल्यावरच हॉपरमध्ये. रात्री हॉपर रिकामा ठेवण्याची सवय असेल तर उत्तम, आम्हाला ती लागलेली नाही.

माल फार वापरून पिठासारखा झाला की कोरडा असूनही गोळे धरतो, नळीभोवती विहीर पडावी तशी पोकळी होते आणि नळी हवाच ओढत बसते. हॉपरवर दोन थापा मारल्या की थोडा वेळ चालतं. थापा माराव्या लागताहेत म्हणजे माल बदलायची वेळ झाली.

आणि नदीची चाळलेली वाळू वापरून पैसे वाचवू नका. फुटलेल्या वाळूतल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते, सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. ब्रिटनने १९४९ मध्येच कारखान्यांतल्या ब्लास्टिंगसाठी नियम करून वाळू बाजूला काढली. गार्नेट, ॲल्युमिनियम ऑक्साइड, ग्लास बीड यांतलं काहीही घ्या.

काच दिसत नसेल तर: ब्लोअर

ब्लोअर चालू करा, गन बंद ठेवा, हात बाहेर काढा आणि रिकामे हातमोजे बघा. ते आतल्या बाजूला फुगून कोणीतरी आत हात घातल्यासारखे ताठ उभे राहिले पाहिजेत. लोळत पडले असतील तर ओढ नाही. गन चालू केल्यावर भोकातून बाहेर येऊ पाहत असतील तर धूळ तुमच्या नाकातोंडात जातेय.

फिल्टरची पिशवी झटका, धुळीचं खालचं भांडं रिकामं करा, पाइपात साचलेला ढीग काढा. बरेचसे रुग्ण इथेच बरे होतात. कॅबिनेटला हवा आत यायची खिडकीही असते; धूळ बाहेर येते म्हणून कोणी ती कापडाने बुजवली तर ब्लोअर ओढणार काय? उलट, ओढ फार जास्त झाली तर चांगला माल पिशवीत जातो. भांड्यातली धूळ चिमटीत चोळा, दाणे लागले तर डँपर (ब्लोअरच्या वाटेतली हवेची झडप) थोडा बंद करा.

एक दोष मात्र भल्याभल्यांना चकवतो. थ्री फेज ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने फेकतो, फक्त अगदी कमी. आवाज येतो, वारा लागतो, सगळं चालू वाटतं. मोटर रिवाइंड होऊन आली किंवा लाइनचं काम झालं की दोन फेजची अदलाबदल होऊन जाते. बंद करताना पंखा थांबता थांबता कुठल्या दिशेला फिरतोय ते बघा आणि बॉडीवरच्या बाणाशी ताडून पाहा. उलटा असेल तर मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून कोणत्याही दोन वायरी बदलून घ्या. आमच्या ओळीतल्या एका शेडमध्ये दोन महिने असा उलटा ब्लोअर चालत होता आणि त्यांनी तोवर तीन पिशव्या बदलल्या होत्या.

आता आमच्या कॅबिनेटच्या दारावर मार्करने तीन आकडे लिहिलेले असतात: पेडल दाबल्यावरचा दाब, गनचा व्हॅक्यूम आणि नोझल घातल्याची तारीख. नवी नोझल घातली तेव्हा काटा ११ इंचांवर होता, परवा बघितला तर ९. क्लिपा पाहिल्या, घट्ट आहेत. खंडेनवमीला मशीन पूजेला पुसायला काढू तेव्हा नोझल बदलायची ठरवलीय, तोवर रोज सकाळी ७ ची दांडी एकदा लावून बघतोय. अजून जात नाही.